बारा-शून्य-दोन

ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात, 1969 च्या जुलै महिन्यात, एका चोवीस वर्षांच्या तरुणाच्या मेजावर पारदर्शक तावाखाली हाताने लिहिलेला एक कागद ठेवलेला होता. कागदावर काही आकडे होते आणि प्रत्येक आकड्यापुढे, तो दिसला तर काय करायचे, ह्याचा दोनचार शब्दांचा शेरा होता. तरुणाचे नाव जॅक गारमन. माणूस चंद्रावर उतरला त्याचा इतिहास सांगताना आपण अग्निबाणाची उंची सांगतो, खर्चाचे डॉलर मोजतो. आर्मस्ट्राँगचे पहिले पाऊल तर शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. ह्या कागदाची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवावी असा माझा विचार आहे. मी शाळामास्तर, आणि सवड सापडली की कादंबऱ्या लिहिणारा गृहस्थ. संगणकाची विद्या मी कोणत्याही पाठशाळेत शिकलेलो नाही. परंतु एखादे पात्र अडचणीत कसे वागते हे पाहिल्यावाचून त्याची ओळख पटत नाही, एवढे कादंबरीकाराला अनुभवाने कळते. आणि ह्या गोष्टीतले मुख्य पात्र एक यंत्र आहे.

अध्यक्ष केनेडी यांनी चंद्रावर माणूस पाठविण्याचा संकल्प सोडला तो 25 मे 1961 रोजी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत मोहिमेचा पहिला मोठा ठेका दिला गेला. गंमत अशी की तो अग्निबाणाचा नव्हता, वाट दाखविणाऱ्या यंत्रणेचा होता. तो मिळाला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्रयोगशाळेला. चार्ल्स स्टार्क ड्रेपर हे तिचे प्रमुख. त्या काळी संगणक म्हणजे दिवाणखाना भरून टाकणारी कपाटे असत. ह्या मंडळींना तो सुमारे 70 पौंड वजनात बसवायचा होता. त्याची कायमची स्मृती होती 36,864 शब्दांची आणि काम करता करता लिहायची-पुसायची स्मृती होती अवघी 2,048 शब्दांची. येथे 'शब्द' म्हणजे शून्य आणि एक ह्या दोनच अंकांनी भरलेली सोळा घरांची एक ओळ. आपण वाचीत आहात तो हा लेखही मोजला तर शब्दांनी जवळपास तेवढाच भरेल. एवढ्याशा पाटीवर चंद्रावर उतरण्याचे गणित मांडायचे होते!

कायमची स्मृती तर अक्षरशः विणलेली होती. मॅसॅच्युसेट्समधल्याच वॉल्थम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका बसून सुईने तारा ओवीत. बारीकशा चुंबकी कड्यातून तार गेली की एक, कड्याला वळसा घालून बाहेरून गेली की शून्य. पैठणीचा मोर एकदा विणला गेला की त्याची मान वळविता येत नाही, तसेच हे. संगणकाला द्यायच्या आज्ञा, म्हणजे ज्याला आता सगळे सॉफ्टवेअर म्हणतात आणि मराठीत आज्ञावली हा चांगला शब्द आहे, त्या उड्डाणाच्या कित्येक महिने आधी पक्क्या करून विणायला द्याव्या लागत. नंतर आठवलेल्या दुरुस्तीला जागा नव्हती.

आता मुख्य अडचण पाहा. चंद्रावर उतरणाऱ्या यानात हा संगणक एकच होता. उतरणे रद्द करून माघारी फिरण्याची वेळ आली तर तेवढ्यापुरता दुसरा एक छोटा संगणक सोबत होता, पण त्याला उतरणे ठाऊक नव्हते. तीन संगणक का ठेवले नाहीत, असे कोणीही विचारील. वजन परवडत नव्हते हे खरेच. परंतु दुसरेही एक कारण विचार करण्यासारखे आहे. ह्याच मोहिमेच्या सॅटर्न अग्निबाणात आय.बी.एम.चा निराळा संगणक होता. त्यात प्रत्येक तर्क तीन सारख्या मंडलांकडून करून घेत, आणि तिघांपैकी दोघांचे जुळेल ते खरे मानीत. पंचांचा निवाडाच म्हणा ना. एखादा सुटा भाग बिघडला तर ही युक्ती उत्तम चालते. परंतु चूक जर मूळ विचारातच असेल, तर तिघेही एकमुखाने तीच चूक करणार. एकाच गाइडावरून पाठ केलेल्या तीन मुलांची उत्तरे जुळली म्हणून ती बरोबर असतात असे कोणता मास्तर म्हणेल?

म्हणून ह्या एकुलत्या एका संगणकाला संकटात वागण्याची रीत शिकवून ठेवणे भाग होते. तिचा पाया घातला हॅल लॅनिंग ह्या गणितज्ञाने. त्या काळी यंत्राकडून अनेक कामे करून घ्यायची साधी पद्धत म्हणजे शाळेचे वेळापत्रक. पहिली तासिका ह्या कामाची, दुसरी त्या कामाची, घंटा झाली की पुढचे. पद्धत नीटनेटकी खरी. पण एका तासिकेचे काम लांबले तर पुढच्या सगळ्या तासिका कोलमडतात. लॅनिंगने वेळापत्रक ठेवलेच नाही. प्रत्येक कामाला त्याने महत्त्वाचा एक क्रमांक दिला. वरच्या क्रमांकाचे काम आले की खालच्या क्रमांकाचे काम असेल तेथे थांबायचे, आणि वरचे आटोपले की पुन्हा पुढे सुरू व्हायचे.

लग्नघरातले एखादे अनुभवी काका डोळ्यांपुढे आणा. पंगतीची व्यवस्था, आहेराची यादी, रुसलेल्या व्याह्यांची समजूत, बँडवाल्याचा हिशेब, सगळे त्यांच्याच अंगावर. परंतु भटजींनी मुहूर्त जवळ आल्याचे सांगितले की काका हातातली आहेराची यादी तेथेच ठेवतात आणि नवऱ्या मुलीला मांडवात आणायला धावतात. यादी नंतर पुरी होते. न झाली तरी लग्न लागते. चांद्रयानाच्या संगणकाला मुहूर्त होता दर दोन सेकंदांनी. आपण कोठे आहो, किती वेगाने पडत आहो, इंजिनाचा जोर किती हवा, हे गणित दर दोन सेकंदांनी व्हायलाच हवे. वैमानिकाला पडद्यावर एखादा आकडा दाखविणे हे त्या मानाने आहेराच्या यादीचे काम.

पण काकांवर इतकी कामे येऊन पडली की सगळाच घोटाळा झाला, तर? येथे ह्या मंडळींचा खरा शहाणपणा दिसतो. काम सुरू करण्यासाठी प्रत्येकाला त्या 2,048 शब्दांच्या पाटीवर थोडी जागा द्यावी लागे आणि काम संपले की ती परत मिळे. जागा मोजक्याच होत्या. मोठ्या गणितांसाठीच्या तर पाचच. कामे संपण्याआधीच नवी येऊ लागली तर जागा संपणार. तशी वेळ आली तर संगणकाने आकडा दाखवून ओरडायचे आणि सारी पाटी आवरून नव्याने आरंभ करायचा, असे आधीच ठरवून ठेवले होते. लहान जागा संपली तर आकडा 1202, मोठी संपली तर 1201.

नव्याने आरंभ म्हणजे पहिल्यापासून नव्हे, हे ध्यानात घ्या. महत्त्वाचे प्रत्येक काम आपण कोणत्या टप्प्याला पोचलो ह्याची नोंद वाटेत करीत जाई. घोटाळा झाला की यंत्र सारी रांग मोडून टाकी, नोंदी पाही, महत्त्वाची कामे त्या त्या टप्प्यापासून पुन्हा उचली, आणि बाकीची खुशाल सोडून देई. इतक्या झटपट की खाली इंजीन चालूच राही. ह्यात एक बारीक खोच आहे. एखादी बेरीज अर्धवट झाली असता काम पुन्हा सुरू केले तर तीच रक्कम दोनदा मिळविली जाईल. म्हणून नवे उत्तर आधी बाजूला मांडायचे, पुरे झाल्याची नोंद करायची, आणि मगच मूळ जागी चढवायचे. आपले जुने मुनीम दुसरे काय करीत होते? कच्च्या वहीत लिहून, ताळा पाहून, मग खतावणीत. वाड्यात दिवा गेला तरी कोणती रक्कम चढली आणि कोणती राहिली हे वहीच सांगे.

ह्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळाच्या पुढे प्रमुख झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन यांची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. रात्री आणि सुटीच्या दिवशी काम करताना त्या आपली लहान मुलगी लॉरेन हिला प्रयोगशाळेत घेऊन येत. पोरीने एकदा खेळता खेळता कळा दाबल्या आणि यानाचे लुटुपुटूचे उड्डाण चालू असताना उड्डाणापूर्वीची तयारी करणारी आज्ञावली सुरू करून दिली. सगळा बोजवारा उडाला. आईने रागावण्याऐवजी ताडले की पोरीने केले ते अंतराळवीरही करील, आणि तसे होऊ नये म्हणून आज्ञावलीत अडसर घालू द्या अशी मागणी केली. वरून उत्तर आले की अंतराळवीर इतके शिकविलेले असतात की ते असल्या चुका करीत नाहीत! डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 चंद्राला वळसा घालून परत येत असताना जिम लॉव्हेल यांच्या हातून नेमके तेच घडले, आणि यान कोठे आहे ह्याची संगणकातली नोंद पुसली गेली. ती पुन्हा बसविता आली म्हणून बरे. चुका न करणारी माणसे मला तरी आजवर शाळेत, कचेरीत किंवा कादंबरीतही भेटलेली नाहीत. हॅमिल्टनबाईंना 2016 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी स्वातंत्र्यपदक दिले. अलीकडे सारे श्रेय त्यांच्या एकटीच्या नावावर मांडण्याचा प्रघात पडतो आहे, तोही मला बरा वाटत नाही. हे शेकडो हातांचे विणकाम होते.

आता तो कागद. जुलै 1969 च्या पहिल्या आठवड्यात ह्यूस्टनला उतरण्याच्या रंगीत तालमी चालल्या होत्या. तालीम घेणाऱ्यांनी मुद्दाम संगणकाकडून असाच एक धोक्याचा आकडा उमटविला. मार्गदर्शनाची जबाबदारी सव्वीस वर्षांच्या स्टीव्ह बेल्सकडे होती. त्याला आकड्याचा अर्थ उमगला नाही आणि त्याने उतरणे रद्द करविले. तालीम संपल्यावर परीक्षकांनी सांगितले की हा निर्णय चुकला; यंत्र आपले मुख्य काम करीतच होते. पाळीचे प्रमुख जीन क्रँट्झ यांनी मग हुकूम सोडला की संगणक दाखवू शकेल असा एकूण एक आकडा काढा आणि प्रत्येकासाठी काय करायचे ते लिहून ठेवा. गारमनचा कागद तो हाच.

20 जुलै 1969. आपल्याकडे मध्यरात्र उलटून 21 तारीख लागली होती. नील आर्मस्ट्राँग आणि एडविन ऑल्ड्रिन 'ईगल' यानातून चंद्राकडे उतरू लागले. मायकेल कॉलिन्स वर 'कोलंबिया'त एकटेच घिरट्या घालीत राहिले होते. इंजीन पेटवून सुमारे पाच मिनिटे झाली होती आणि जमीन 33,000 फुटांच्या आसपास खाली होती. इतक्यात यानात घंटी वाजली आणि पडद्यावर आकडा आला: 1202. दोघाही वीरांना तो काय म्हणतो हे ठाऊक नव्हते. आर्मस्ट्राँगने ह्यूस्टनला अर्थ विचारला, आणि त्या शांत माणसाच्या आवाजात घाई होती, असे ध्वनिफीत ऐकणाऱ्याला आजही जाणवते.

मागच्या खोलीत गारमनने कागदावर बोट ठेवले. तो आकडा पुन्हापुन्हा सारखाच येत राहिला नाही, तर चालू ठेवायला हरकत नाही. त्याने बेल्सला सांगितले, बेल्सने क्रँट्झना, आणि काही सेकंदांत चार्ली ड्यूक यांच्या आवाजात ते चंद्रापर्यंत गेले. मिनिट गेले नाही तोच पुन्हा 1202. ऑल्ड्रिनने हुशारीने हेरले की आपण पडद्यावर एक ठरावीक माहिती मागविली की हे होते आहे. ह्यूस्टनने ती माहिती आपण येथून पाहून सांगू असे कळवून तेवढा भार उचलला. पुढे जमीन तीन हजार फुटांवर आली तेव्हा 1201, आणि मग आणखी दोनदा 1202. एकंदर पाच वेळा संगणकाने पाटी आवरली आणि पाचही वेळा उतरण्याचे गणित, अर्धवट सोडलेल्या ठिकाणापासून, पुन्हा उचलले. खाली मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेला खड्डा दिसला म्हणून आर्मस्ट्राँगने यान हाताने पुढे नेले. त्या वेळी त्याची नाडी मिनिटाला 150 च्या घरात होती आणि इंधन सेकंदांत मोजावे इतके उरले होते. भारतीय घड्याळाप्रमाणे पहाटे 1 वाजून 47 मिनिटांनी यान टेकले.

एवढे ओझे संगणकावर आले तरी कोठून? कारण शोधल्यावर ते अगदीच क्षुल्लक निघाले. माघार घ्यावी लागली तर 'कोलंबिया' शोधायला उपयोगी पडणारा रडार चालू स्थितीत ठेवलेला होता. त्याला वीज पुरविणाऱ्या यंत्रणेचा आणि संगणकाच्या बाजूच्या यंत्रणेचा ताल एकच होता, पण ठोका जुळत नव्हता. भजनात दोन टाळकरी एकाच लयीत, परंतु अर्धी मात्रा मागेपुढे वाजवू लागले म्हणजे होते तसे. त्यामुळे रडार हलतो आहे असा संगणकाचा समज होऊन तो निरर्थक हालचाली मोजीत बसला, आणि त्याचा सुमारे 13 टक्के वेळ त्यातच गेला. हा घोटाळा होईल असे आज्ञावली लिहिणाऱ्यांपैकी कोणी भाकीत केलेले नव्हते. कोणते संकट येईल हे त्यांना माहीत नव्हते. येईल ते आल्यावर काय राखायचे आणि काय टाकायचे, एवढेच त्यांनी ठरवून ठेवले होते. पुढे 13 ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या मेजवानीत अध्यक्ष निक्सन यांनी अंतराळवीरांबरोबर स्टीव्ह बेल्सलाही बोलावून नियंत्रण केंद्राच्या वतीने गौरव स्वीकारायला लावले.

ह्याच्या उलट गोष्ट सत्तावीस वर्षांनंतरची आहे. 4 जून 1996 रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानामध्ये, कुरू येथून, युरोपचा नवा अग्निबाण एरियन 5 पहिल्यांदा उडाला. वर चार शास्त्रीय उपग्रह होते. दिशा आणि वेग सांगणारी यंत्रणा त्यात एकाच्या जागी दोन होत्या. एक बिघडली तर दुसरी तयार. दोन्हींत आज्ञावली एकच, आणि ती जुन्या, नामांकित एरियन 4 वरून जशीच्या तशी उचललेली. त्यातले एक गणित फक्त उड्डाणापूर्वी लागणारे, तरी ते उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालू राही. जुन्या अग्निबाणाच्या सोयीसाठी तसे केले होते; नव्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. नवा अग्निबाण आडव्या दिशेने जुन्यापेक्षा पुष्कळच वेगाने निघाला. त्या वेगाशी निगडित एक आकडा 32,767 पर्यंतच मावेल अशा रकान्यात बसवायचा होता. तो मावला नाही. राखीव यंत्रणा आधी बंद पडली आणि निमिषार्धात मुख्य यंत्रणाही, त्याच कारणाने. बंद पडताना तिने आपल्या दुखण्याची नोंद पाठविली, आणि वरच्या संगणकाने ती नोंद म्हणजेच अग्निबाणाची दिशा असे समजून इंजिने जोराने वळविली. उड्डाणानंतर चाळीस सेकंदही झाले नव्हते. अग्निबाण हवेत फुटला.

चौकशी मंडळाचे अध्यक्ष जाक-लुई लियोन्स हे नामवंत गणितज्ञ होते. त्यांच्या अहवालात निघालेली एक बाब माझ्या मनातून जात नाही. असे न मावण्याचा धोका असलेल्या सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. उरलेल्या तिघांना दिले नाही, कारण संगणकावरचा भार 80 टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. आणि जुन्या अग्निबाणाच्या बाबतीत ते आकडे मर्यादेबाहेर जाणे शक्यच नव्हते. म्हणजे हयगय कोणी केली नव्हती! विचारपूर्वक, हिशेबाने घेतलेला निर्णय होता, पण तो दुसऱ्या घराच्या हिशेबाचा. शिवाय यंत्रणा बिघडेल ती एखादा भाग मोडल्यामुळे, आज्ञावलीत खोट असणार नाही, असे गृहीत धरलेले. म्हणून अडचण येताच काम सोडून गप्प बसायचे, एवढेच त्या यंत्राला शिकविलेले होते. ईगलच्या संगणकाने त्या क्षणी निरुपयोगी काम टाकून वाट धरली असती. येथे निरुपयोगी कामापायी वाटच टाकली गेली.

आपल्या देशाने हा धडा स्वतःच्या किमतीवर घेतला. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे चांद्रयान 2 मधला विक्रम चंद्रावर आदळला. त्याची कारणे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जुलै 2023 मध्ये मोकळेपणाने सांगितली. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला, त्यामुळे चुका साठत गेल्या. त्या दुरुस्त करायला यानाला झटकन वळायचे होते, पण इतके झटकन वळावे लागेल असे कोणी धरलेच नव्हते, म्हणून आज्ञावलीने वळण्याच्या वेगाला मर्यादा घातलेली. उतरायची जागाही 500 मीटर बाय 500 मीटर, म्हणजे नेम चुकवायची मुभाच नाही. पुढच्या खेपेला मांडणी उलट केली, असे सोमनाथ म्हणाले. सगळे नीट होईल असे धरून आराखडा करण्याऐवजी काय काय बिघडेल ह्याची यादी करायची आणि एकेक बिघाड होऊनही यान उतरेल असे पाहायचे. जागा चार किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली, इंधन वाढविले, पाय मजबूत केले, आणि आज्ञावलीला वेडेवाकडे प्रसंग पुन्हापुन्हा घालून तिची परीक्षा घेतली.

23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी आमच्या शाळेच्या मोठ्या वर्गात पडदा लावला होता. उतरायची आज्ञा एकदा दिली की पुढे सारे विक्रमचा संगणकच ठरवील, असे निवेदक सांगत होता. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मला हळूच विचारले, "गुरुजी, मधेच तो गोंधळला तर?" मी म्हटले, "गोंधळल्यावर काय करायचे ते त्याला शिकवून पाठवलंय." तिचे समाधान झालेले दिसले नाही, ती बोटे आवळून पडद्याकडे पाहत राहिली. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम टेकला.

नेमलेली कामे आटोपल्यावर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बंगळूरच्या मंडळींनी त्याला आणखी एक आज्ञा दिली. इंजिने पुन्हा पेटली, यान सुमारे 40 सेंटीमीटर वर उचलले गेले, आणि हातभर बाजूला पुन्हा अलगद उतरले.